फिरवून ठेवलेला कागद

अर्ज लिहून झाला की ते टाक करवंटीतल्या पाण्यात बुडवीत, टिपकागद दाबीत, आणि मग अर्जाचा कागद हळूच फिरवून समोरच्या माणसाकडे सुलटा करून ठेवीत. समोरच्याला अक्षरओळख नसली तरीही. तो माणूस कागदाकडे पाही आणि मान हलवी. मग ते विचारीत, "तुमचं झालं. आता समोरचा काय म्हणेल, ते सांगा."

रत्नागिरीच्या कचेरीत त्या काळी ज्यांचे जाणे-येणे होते, त्यांनी हा प्रश्न एकदा तरी ऐकला असेल. आवारातल्या बकुळीखाली त्यांची चटई असे. समोर उतरती लाकडी पेटी, तिच्यावर दौत, दोन टाक, करवंटी आणि तपकिरीची डबी. अंगात काळा कोट. तो कोट मूळचा काळाच होता असे ते सांगत आणि आम्ही मानून घेत असू. सगळे त्यांना 'अर्जवाले' म्हणत. त्यांचे नाव मी इथे लिहीत नाही. ते मी एकदाच लिहिले, त्याची गोष्ट शेवटी येईल.

मी लोकल बोर्डाच्या कचेरीत कारकून होतो. दुपारी डबा खाऊन झाला की पुस्तक घेऊन बकुळीखाली बसायची मला सवय लागली. ते कधी पुस्तक मागत नसत. फक्त विचारीत, "अहो कारकून, तुमच्या या पुस्तकात समोरच्याला बोलू देतात का?"

"काही ठिकाणी देतात."

"मग तेवढीच पानं वाचून दाखवा."

एकदा एक शेतकरी शेजाऱ्याच्या बकरीवर अर्ज करायला आला. बकरीने त्याची भाजी खाल्ली होती. अर्ज रंगला. बकरीला शिक्षा काय असावी, तेही त्याने सुचवले. मग यांनी कागद फिरवला आणि नेहमीचा प्रश्न विचारला. शेतकरी म्हणाला, "समोरचा काय म्हणणार? म्हणेल, कुंपण कुठं हाय तुझं?" एवढे बोलून तो स्वतःच हसला, आणि अर्ज न घेताच उठून गेला.

मी म्हटले, "गेलं गिऱ्हाईक."

"गेलं," ते तपकीर ओढीत म्हणाले. "कुंपण घालायला गेलं."

भांडणाऱ्या दोन्ही बाजूंचे अर्ज पुष्कळदा तेच लिहीत. सकाळी वादी, दुपारी प्रतिवादी. पण एकाचा शब्द दुसऱ्याला कधी कळला नाही. कोणी खोदून विचारलेच, तर म्हणत, "मी टाक आहे. टाकाला मत नसतं." हे वाक्य मला तेव्हा विनोदी वाटे.

त्यांचे मूळ गाव खाडीपलीकडे. गावाच्या दोन वाड्या. वरची वाडी सड्याच्या, म्हणजे डोंगरावरच्या कातळमाळाच्या, कडेला, आंब्या-भाताची. खालची वाडी खाडीच्या काठाला, होडी-मचव्यांची. वरच्या वाडीत बारमाही विहीर होती. खालच्या वाडीकडे रत्नागिरीला यायची तरीची होडी होती. एकीचे पाणी, दुसरीची वाट, असे पिढ्यान् पिढ्या चालले होते. ते बोर्डाच्या निवडणुकीने मोडले.

त्या निवडणुकीत दोन उमेदवार होते. खालच्या वाडीचा होडीवाला तांडेल, आणि वरच्या वाडीचे आपल्या अर्जवाल्यांचेच धाकटे भाऊ. मतदान झाले आणि पेटी होडीने रत्नागिरीला न्यायची वेळ आली. वरच्या वाडीला वाटले, होडीवाले वाटेत पेटी फोडतील. खालच्या वाडीला वाटले, वरचे लोक पेटी होडीत चढूच देणार नाहीत. काठावर ओढाओढ झाली आणि पेटी खाडीत पडली. ढकलली कोणी, हे कधी ठरले नाही. 'त्यांनीच ढकलली' असे दोन अर्ज कचेरीत आले. दोन्हींचे अक्षर एकच होते.

निवडणूक रद्द झाली. वरच्या वाडीने खालच्यांना विहीर बंद केली. खालच्या वाडीने वरच्यांना होडी बंद केली. खालच्या बायका दीड कोसावरून पाणी आणू लागल्या. वरच्या लोकांना रत्नागिरीला यायचे तर खाडीला वळसा घालून दिवस मोडावा लागे. दोन वर्षे हे चालले. देशात त्या दिवसांत मोठमोठ्या गोष्टी घडत होत्या. माणसे तुरुंगात जात होती, सभा होत होत्या. या गावात मात्र हंडा आणि होडी यांपलीकडे कोणी बोलत नव्हते.

पुन्हा निवडणूक लावायची वेळ आली तेव्हा मामलेदारसाहेबांनी स्पष्ट सांगितले की या खेपेस दंगा झाला, किंवा एक वाडी मतदानाला आलीच नाही, तर त्या जागेवर सरकार आपल्या मर्जीचा माणूस नेमील. गावाला पुन्हा मत विचारले जाणार नाही. मग त्यांनी खिडकीतून बकुळीकडे पाहिले आणि अर्जवाल्यांना आत बोलावले.

"तुम्ही मध्ये पडा. दोन्ही वाड्या तुमचं ऐकतात."

"ऐकत नाहीत, साहेब. मी त्यांचं ऐकतो."

"तुमचे बंधू उभे आहेत. जड जाईल?"

ते म्हणाले, "जाईल."

मतदारयादी घेऊन मी त्यांच्याबरोबर जावे, असा हुकूम झाला. आम्ही आधी खालच्या वाडीत गेलो. तांडेल पडवीत जाळे दुरुस्त करीत बसला होता. दांडगा माणूस, कान वाऱ्याने करपलेले. त्याने चहा पुढे केला.

"मिटेपर्यंत कोणाचाच चहा नाही," अर्जवाले म्हणाले. "पाणी द्या."

"पाणी मागता? आमच्याकडं?" तांडेल हसला. "दीड कोसावरनं आलंय. जपून प्या, भाऊ. सांडू नका."

त्यांनी ते पाणी खरेच जपून प्यायले. मग पेटी मांडीवर घेतली आणि टाक बुडवला.

"लिहा," तांडेल म्हणाला. "आमची विहीर बंद केली—"

"तो तुमचा अर्ज मी दोनदा लिहिलाय. आज वरच्या वाडीचा लिहायचा. तुम्ही सांगा."

"त्यांचा अर्ज मी सांगू? तुमचं डोकं फिरलंय काय?"

"फिरलंय. सांगा."

तांडेलाने शेजारच्या माणसांकडे पाहून डोळा मारला. "बरं, लिहा. आमी वरच्या वाडीचे शहाणे लोक—"

"शहाणे लिहू?"

"लिहा, लिहा. आमी शहाणे लोक. आमाला होडी वल्हवता येत नाय, पोहता येत नाय, आणि खालच्यांशिवाय आमचा आंबा बाजारात जात नाय." पडवीत हशा पिकला. टाक चालत राहिला. "पोरं शिकायला रत्नागिरीस जायची, ती घरी बसली. लिहिलंत? आणि... माघ महिन्यात आमच्यातली एक म्हातारी तापानं फणफणली. दवाखान्यात न्यायला डोलीतनं खाली आणली. होडी काठालाच होती." तो थांबला. आता कोणी हसत नव्हते. "तांडेलानं वल्हं उचललं नाय."

अर्जवाल्यांनी तेवढे लिहिले. मान वर न करता विचारले, "म्हातारी कोणाची, ते लिहायला हवं."

बराच वेळ तांडेल जाळ्याच्या गाठीशी बोटे चाळवीत राहिला. मग म्हणाला, "तुमची आई, भाऊ."

माघात अर्जवाले काही दिवस बकुळीखाली दिसले नव्हते. परत आले तेव्हा डोक्यावर केस नव्हते, आणि मी विचारल्यावर 'आई गेली' एवढेच म्हणाले होते. त्या दोन शब्दांमागे ही डोली होती, हे मला त्या पडवीत कळले.

त्यांनी ते वाक्यही लिहिले. टिपकागद दाबला. कागद फिरवून तांडेलासमोर ठेवला.

"मना वाचता येत नाय."

"असू दे. बघा." आणि मग, तसेच, रोजच्या आवाजात, "आता समोरचा काय म्हणेल?"

"समोरचा?" तांडेल म्हणाला. "समोरचा मीच." त्याने डोळे पुसले नाहीत, नाक मात्र जोराने पुसले. "समोरचा म्हणंल, त्याच दिवशी सकाळी माझी सून तुमच्या विहिरीवरनं रिकामा हंडा घेऊन परत आली होती. दुसरं काय म्हणंल तो?"

तिथून आम्ही पाखाडी चढून वर गेलो. दगडी पायऱ्या पुष्कळ होत्या. ते मधे एकदाच थांबले आणि म्हणाले, "कारकून, छत्री द्या जरा." ती टेकत टेकत चढले.

धाकटे भाऊ ओसरीतच उभे होते. "दादा, त्यांच्या वाडीत जाऊन आलास म्हणे. आधी आंघोळ कर, मग वर ये."

"आंघोळीला पाणी आहे ना अजून विहिरीत?"

"आहे. तुझ्यासाठी आहे."

"मग खालच्या वाडीचा अर्ज लिहायचाय. तू सांग."

"मी नाही सांगणार. ज्यानं आईला—" त्यांनी तोंड फिरवले. "तू लिहिशील त्याचा अर्ज. तुझा धंदाच आहे तो."

अर्जवाले ओसरीच्या पायरीवर बसले. दहा मिनिटे गेली, अर्धा तास गेला. भाऊ बोलेनात आणि हे उठेनात. टाकावरची शाई वाळे, ते पुन्हा बुडवीत. शेवटी माजघराच्या दाराआडून बांगड्या वाजल्या आणि बाईचा आवाज आला. भावाची बायको होती.

"भावोजी, मी सांगितलं तर चालेल?"

"चालेल."

"तू गप्प बस," भाऊ म्हणाले.

"दोन वर्षं गप्पच आहे," दार म्हणाले. "लिहा, भावोजी. आमच्या विहिरीला पाणी उदंड आहे. रोज संध्याकाळी उरलेलं पाणी आम्ही माडांना घालतो. एक हंडा कमी घातला म्हणून माड मरत नाही. खालच्या वाडीच्या बायका डोक्यावर हंडे घेऊन सड्यावरून जातात, तेव्हा आमच्याकडे बघत नाहीत. आम्हीही बघत नाही. त्यातली एक माझ्याबरोबर फुगडी खेळलेली आहे. एवढंच."

हे ऐकताना भाऊ खांबाला पाठ लावून उभे होते. कागद फिरवून त्यांच्यासमोर ठेवला गेला तेव्हा त्यांनी तो वाचला. त्यांना वाचता येत होते. पुढचा प्रश्न त्यांना विचारला गेला नाही. कधी नव्हे ते अर्जवाले तो प्रश्न गिळून उठले.

दुसऱ्या दिवशी पाखाडीच्या मध्यावर दोन्ही वाड्यांची चार-चार माणसे भेटली आणि ठराव झाला. मतदानाच्या दिवशी विहीर सर्वांना खुली, होडी सर्वांना खुली. पेटी तांडेलाच्याच होडीतून जाईल, आणि ती मांडीवर घेऊन भाऊ बसतील. मला वाटले, जिंकलो. तेवढ्यात तांडेल म्हणाला, "पण आमी मतदानाला येऊन करायचं काय? देवीनं तर कौल दिलाय."

हे आम्हाला ठाऊकच नव्हते. पंधरा दिवसांपूर्वी वरच्या वाडीच्या मानकऱ्यांनी ग्रामदेवीला कौल लावला होता. ज्यांनी पाहिले नसेल त्यांच्यासाठी सांगतो. देवीच्या मूर्तीला उजवीकडे आणि डावीकडे ओल्या कळ्या चिकटवतात, गुरव गाऱ्हाणे घालून प्रश्न विचारतो, आणि सगळे वाट पाहतात. उजवी कळी आधी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. उजवी पडली होती. देवी दोन्ही वाड्यांची. तिच्या शब्दाबाहेर कोण जाणार? खालच्या वाडीने ठरवून टाकले की निवडणूक संपली. उगाच चिठ्ठ्या टाकून देवीचा कोप कशाला घ्या?

भाऊ शांतपणे म्हणाले, "देवीनं दिलं ते दिलं. त्यात माझा काय दोष?"

खालची वाडी आली नाही तर सरकारचा माणूस नेमला जाणार, हे मी पुन्हा बोलून दाखवले. सगळ्यांनी ऐकले आणि सगळे देवळाच्या दिशेने पाहू लागले.

अर्जवाले गुरवाकडे गेले. गुरव म्हातारा, बहिरेपणाकडे झुकलेला. त्याच्यासमोर बसून यांनी विचारले, "तुम्ही प्रश्न काय घातलात, तो जसाच्या तसा सांगा."

"असं म्हटलं, बा आये म्हाराजे, वरच्या वाडीचा माणूस निवडून आला तर तुझी खुशी हाय काय?"

"आणि खालच्या वाडीचा आला तर?"

"तर काय?"

"ते विचारलंत?"

गुरव गोंधळला. "ते कोणी विचारायला सांगितलंच नाय."

अर्जवाल्यांनी तपकिरीची डबी उघडली आणि न ओढताच मिटली. "म्हणजे समोरच्याचं विचारायचं राहिलंच."

त्या संध्याकाळी, दिवेलागणीच्या आधी, देवळात दोन्ही वाड्या जमल्या. दोन वर्षांत पहिल्यांदा एका छपराखाली. वरचे उजवीकडे, खालचे डावीकडे, मध्ये एक माणूस निजेल एवढी मोकळी जागा. तिथे अर्जवाले उभे होते. भावाने त्यांच्याजवळ येऊन हळू आवाजात म्हटलेले मी ऐकले, "दादा, देवीनं मला दिलेलं तू माघारी घेतोयस."

"घेत नाही. तुझं आहे तसं राहील. दुसरा प्रश्न विचारतोय."

गुरवाने कळ्या लावल्या. "बा आये म्हाराजे, खालच्या वाडीचा माणूस निवडून आला तर तुझी खुशी हाय काय?"

"व्हय म्हाराजा," डावीकडच्यांनी साथ दिली. उजवीकडचे गप्प होते.

कळ्या हलेनात. समईची वात दोनदा पुढे सारावी लागली. तांडेलाने हात जोडले होते आणि त्याचे ओठ पांढरे पडले होते. मी विचार करत होतो, डावी पडली तर? तर सगळे संपले. खालची वाडी मतदानाला येणार नाही, सरकार आपला माणूस नेमील, आणि विहीर आणि होडी जन्मभर बंद राहतील. अर्जवाल्यांकडे पाहिले, तर ते मूर्तीकडे पाहतच नव्हते. ते भावाकडे पाहत होते.

उजवी कळी पडली.

गुरवाने कळी उचलून सगळ्यांना दाखवली. अर्जवाले म्हणाले, "देवीची दोघांनाही हरकत नाही. तेव्हा आता तुम्हालाच ठरवायचं आहे. ती सांगणार नाही."

परतताना मी विचारले, "डावी पडली असती तर?"

"तर मी आणखी एक अर्ज लिहिला असता," ते म्हणाले. मग पुन्हा माझी छत्री मागितली.

मतदान शाळेत झाले. पडद्याआड पेटी होती. भावाची पिवळी चिठ्ठी, तांडेलाची तांबडी. हवी ती पेटीत आणि नको ती शेजारच्या मडक्यात टाकायची. सकाळपासून खालच्या वाडीची माणसे पाखाडी चढून येत होती. विहिरीवर भावाची बायको स्वतः तांब्याने पाणी देत होती. घोटघोटभर का होईना, सगळ्यांनी प्यायले, तहान नसलेल्यांनीही.

एक म्हातारा पडद्याबाहेर येऊन मला हात जोडून म्हणाला, "दोन्ही टाकल्या हो पेटीत."

"दोन्ही? अहो, एकच टाकायची! मत फुकट गेलं तुमचं."

"देवीनं दोघांनाबी उजवी दिली. मी कोण एकाला नाय म्हणणार?"

असे करणारे सात जण निघाले. ते सगळे मोठ्या समाधानाने घरी गेले.

यादीवर खुणा करत करत संध्याकाळ झाली. एक नाव उरले. वडिलार्जित जमिनीत हिस्सा होता म्हणून तेही यादीत होते. मी शाळेच्या दारात जाऊन म्हटले, "अर्जवाले, तुमचं नाव राहिलंय."

भाऊ व्हरांड्यात उभे होते. त्यांनी मान वळवली.

"टाकाला मत नसतं," अर्जवाले म्हणाले.

या वेळी मला ते वाक्य विनोदी वाटले नाही.

होडीत आम्ही पाच जण होतो. भाऊ मध्ये बसले होते, मांडीवर लाखेने बंद केलेली पेटी. वल्ह्यावर तांडेल. ज्या होडीत आईला चढू दिले नव्हते, ती हीच. पाणी संथ होते. अर्ध्या खाडीत तांडेलाने वल्हे क्षणभर थांबवले आणि भावाकडे न पाहता म्हणाला, "पेटी जड झाली काय?"

"नाही."

"झाली तर सांगा."

एवढेच बोलणे झाले. पण झाले.

मोजणी कचेरीत झाली. पेटी सर्वांसमक्ष उघडली, लाख शाबूत होती. कोणी एका शब्दाने शंका काढली नाही. तांडेल अकरा मतांनी निवडून आला. वरच्या वाडीतल्या काहींनी तांबडी टाकली होती, हे आकड्यांवरून उघड होते, पण कोणी टाकली हे कळायला मार्ग नव्हता, आणि कोणी शोधायलाही गेले नाही. विहीर उघडी राहिली, होडी चालू राहिली.

भाऊ बकुळीखाली आले. मी तिथेच होतो.

"अकरा मतांनी हरलो, त्याचं मला काही नाही. हार-जीत चालायचीच. पण ज्यानं आईला होडी दिली नाही तो समोर होता, आणि दादा, तुझं एक मत मला आलं नाही."

अर्जवाल्यांनी दौतीचे झाकण लावले. भाऊ गेले.

ते पुन्हा आले नाहीत. पुढे सणवार आले, गेले. अर्जवाले चतुर्थीला गावी जात, ते देवीला नमस्कार करून तांडेलाच्या होडीने त्याच दिवशी परत येत. तांडेल काही ना काही बांधून देई, कधी सुकी मासळी, कधी सुनेने केलेले लाडू. भावाकडचे काही नसे. एकदा मात्र फडक्यात बांधलेले चार नारळ आले. अर्जवाल्यांनी ते बराच वेळ हातात फिरवून पाहिले. "विहिरीजवळच्या माडाचे," ते म्हणाले. "भावजयीनं पाठवले."

मी एकदा धीर करून विचारले, "तुम्ही भावाला मत का नाही दिलंत? कोणाला कळलं असतं?"

"तुम्ही पुस्तक वाचा, कारकून."

मग एका वर्षी त्यांचा खोकला वाढला. टाक धरताना हात कापू लागला, अक्षर बिघडले, आणि बिघडलेल्या अक्षराचा अर्ज ते फाडून टाकीत. लोक तरीही येत. आधी तक्रार सांगत, मग समोरच्याचे सांगत, आणि पुष्कळदा तेवढ्यावरच परत जात. शेवटच्या महिन्यात त्यांनी लिहिले फार थोडे, ऐकले खूप. आंब्याला मोहोर आला होता तेव्हा ते गेले. मी दवाखान्यात होतो. शेवटी त्यांनी माझ्याकडे काही मागितले नाही. फक्त विचारले, "होडी चालू आहे ना?"

मी म्हटले, आहे.

पंधरा-वीस दिवसांनी भाऊ कचेरीत आले. डोक्यावर केस नव्हते. त्यांना बोर्डाच्या मतदारयादीतून मयताचे नाव कमी करून घ्यायचे होते. मी म्हटले, बसा, अर्ज मी लिहून देतो. ते म्हणाले, "इथे नको. तिकडे."

बकुळीखालची चटई मी अजून उचललेली नव्हती. उतरती पेटीही तिथेच होती. भाऊ अर्जदाराच्या जागी बसले. पेटीमागची जागा रिकामी होती. तिथे मला बसवेना. मी त्यांच्याच शेजारी बसलो आणि मांडीवर कागद घेऊन लिहिले. तेव्हाच मी ते नाव लिहिले. गाव, वय, मयत झाल्याचा दिवस. कारण विचारले तर भाऊ म्हणाले, "लिहा, नाव कमी करावे. त्यांनी ते कधी वापरले नाही."

मी लिहिले. त्यांनी सही केली. मी कागद घ्यायला हात पुढे केला, पण त्यांनी तो सोडला नाही.

"थांबा," ते म्हणाले. "समोरच्याचं राहिलं."

मी हात मागे घेतला.

"इतकी वर्षं मी ते सांगितलं नाही. त्या दिवशी ओसरीवर त्यानं तो प्रश्न मला विचारला नाही, आणि इथं भांडून गेलो तेव्हा मीही स्वतःला विचारला नाही." मग अगदी अर्जवाल्यांच्या आवाजात, सपाट, रोजच्या आवाजात, म्हणाले, "समोरचा म्हणेल, मत दिलं असतं तर तुलाच दिलं असतं. म्हणून नाही दिलं."

कचेरीच्या घंटेचे टोले पडले. भावाने करवंटीच्या वाळून गेलेल्या तळाकडे पाहिले. टिपकागद उचलून सहीवर दाबला. आणि मग तो कागद हळूच फिरवून रिकाम्या जागेकडे सुलटा करून ठेवला.